पप्पा, तुमचा ट्रक उभा होता

पप्पा,

तुमच्या हेडसेटमध्ये कोणीतरी श्वास घेतंय, हे पहिल्यांदा आत्याला कळलं. तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला होता, बौद्धाचार्य निघाले होते आणि माणसं खाली मंडपात जेवायला बसली होती. वर हॉलमध्ये मी, आई आणि तुमची बहीण एवढ्याच होतो. आत्याचे गुडघे दुखत होते. तिला टेकायला तुमची खुर्ची हवी होती, म्हणून तिने खुर्चीवरचा हेडसेट उचलला. ठेवायला जागा दिसेना, तेव्हा गळ्यात अडकवायला गेली. तो कानाशी आला आणि ती होती तिथेच थांबली.

"दादा हाय यात," ती म्हणाली. "श्वास घेतोय."

मी तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या कानांना लावला. टीव्ही बंद होता. गाणं नाही, गेमचा आवाज नाही, काही नाही. आणि तरी आत एक खोली होती, पप्पा. मोठी, पोकळ. तिच्यात कोणीतरी श्वास घेत होतं, जरा घोगरा, आपल्या मानेच्या मागे उभं राहून कोणी घेतं तसा. मी वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि तुमचा फॅक्टरीतला ग्रुप फोटो. तेवढ्यात कानात भांडं वाजलं, अगदी गालाजवळ, आणि मी हेडसेट काढून टाकला. काढला तर भांडं कुठेच वाजत नव्हतं. नळाखालचं पातेलं फक्त हलकं हललं होतं.

आत्या म्हणाली, माणसाचं काही राहून गेलं की तो असा अडकतो. त्यांच्या मुरबाडच्या बाजूला एक जाणता आहे, त्याला दाखवू. मी तिला ठणकावलं, आत्या, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आपल्या घरात भूतबीत चालत नाही. तिने माझ्याकडे वर-खाली पाहिलं.

"मंग तू तर ग्रॅज्युएट हाईस. सांग ना आत कोण हाय ते."

आईने माझ्या हातातून हेडसेट घेतला, पदराने पुसला आणि पुन्हा खुर्चीवर ठेवला. त्याचा हिरवा दिवा तेवढा जळत राहिला.

मला त्याचं उत्तर शोधायचंच होतं. आत्याला दाखवायचं म्हणून, हे खोटं कशाला बोलू. आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून तुम्ही मला पिठाच्या गिरणीपासून ते बँकेच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांपुढे उभं केलंत. त्या माझ्याच घरात एक यंत्र श्वास घेतं आणि मला का ते सांगता येत नाही, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

तुम्हाला आठवतं, हा हेडसेट आपण उल्हासनगरहून आणला. धाकटा प्रशांत नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा गेमचा डबा इथेच राहिला. तुम्ही रिटायर झालेले, आयुष्यभर सायकलशिवाय काही न चालवलेले, आणि हातात रिमोट घेऊन थेट सोळा चाकी ट्रक चालवायला लागलात. कुठल्याशा परदेशातले रिकामे रस्ते, दोन्हीकडे झाडं, आणि तुमचा ट्रक. आई म्हणायची, "माल कुठला भरलाय ते तरी विचार यांना." पण फॅक्टरीतल्या प्रेसशॉपच्या धडधडीने तुमचे कान खाल्ले होते. टीव्हीचा आवाज इतका मोठा असायचा की खालच्या काकू वर येऊन गेल्या. म्हणाल्या, तुमचा ट्रक आमच्या बेडरूममधून जातो.

म्हणून हेडसेट. दुकानदार सिंधी होता, मोठा बोलका. तुम्ही त्याला म्हणालात, "ये मेरी लडकी ग्रॅज्युएट है, इसको समजाव." तो हसून म्हणाला, "फिर तो मॅडम ही मेरे को समझाएंगी, साईं, मैं तो दसवीं फेल." त्याने वायरलेसच घ्यायला लावला, वायरचा घेतला तर घरात कोणीतरी अडखळून पडेल म्हणून. बाहेर आल्यावर तुम्ही पूर्ण रस्ताभर ती पेटी छातीशी धरून चालत होतात, मी हातात घेते म्हटलं तरी दिली नाहीत.

आणि घरी आल्यावर तो लागेना. दिवा नुसता मिचमिचत राहायचा. मी माहितीपत्रक उघडून बसले आणि तुम्ही माझ्या शेजारी, जणू माझी तोंडी परीक्षा चालली आहे. हेडसेटला सिग्नल देणारी जी छोटी पट्टी डब्याला खोचायची असते ती मी मागून काढून पुढे खोचली. मग हेडसेटच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरायची होती, टाचणी सापडेना, तर आईने कानातल्या रिंगची तार सरळ करून दिली. दिवा स्थिर झाला. तुम्ही म्हणालात, "बघ, डिग्रीचा उपयोग." पण थोड्या वेळाने पुन्हा आवाज तुटायचा. जायचा, यायचा. मी वायफायचा राउटर लांब नेला, सेटिंग बदलून पाहिलं, प्रशांतला फोन केला. शेवटी कळलं की मधलं लोखंडी कपाट आडवं येतंय. तुम्ही आणि मी मिळून ते कपाट सरकवलं. आई ओरडत होती की मागची जळमटं तुम्हीच काढा. आपण काढली. त्या दिवसाएवढं आपण दोघं कधी एकत्र हसलो असू असं मला वाटत नाही.

त्याच दिवशी आपलं भांडणही सुरू झालं. तुम्ही सगळी बटणं दाबून पाहत होतात. एकदम थांबलात, स्वयंपाकघराकडे वळलात आणि हसायला लागलात. मला वाटलं ट्रक कुठेतरी आपटला. मी हेडसेट घालून बघितला तर माझाच आवाज मला ऐकू येत होता, खोलीतलं सगळं घुमत होतं. मी म्हटलं, पप्पा, हा फॉल्ट आहे, एको येतोय, बंद करते. तुम्ही रिमोट माझ्या हातातून काढून घेतलात.

"ते राहू दे."

"अहो, चुकीचं सेटिंग आहे ते."

"असू दे. मला चालतं."

पुढे कितीदा तरी हे झालं. मी अंबरनाथच्या माझ्या घरून यायची, माईकची दांडी तुमच्या तोंडाकडे वळवून ठेवायची, कारण माईक तोंडासमोरच असतो. पुढच्या वेळी बघावं तर तुम्ही ती बाहेर फिरवलेली, मुंगीच्या मिशीसारखी स्वयंपाकघराच्या दिशेने. मी सेटिंगला हात लावला की चिडायचात. मी म्हणायची, शिकलेल्या माणसाचं ऐकायचं नसेल तर शिकवलंत कशाला. तुम्ही ट्रक सुरू करायचात. कानाचं मशीन घेऊ म्हटलं तर तेही नको. "म्हाताऱ्यासारखं कानात काय कोंबायचं. मला सगळं ऐकू येतं." आम्ही हसायचो. चार वेळा हाक मारल्यावर वळून बघणारा माणूस म्हणतो मला सगळं ऐकू येतं.

मग तुमच्या पोटाचं निघालं. डॉक्टरांनी मला आणि प्रशांतला आत बोलावून सांगितलं, तेव्हा तुम्ही आणि आई बाहेरच्या बाकावर बसला होता. बाहेर येऊन मीच म्हटलं, अल्सर आहे, तिखट बंद, औषधं वेळेवर. तुम्ही मान हलवलीत. आईलाही तेच सांगितलं. आम्हा दोघांचं ठरलं होतं की शेवटपर्यंत हेच सांगायचं.

पण आम्हाला तर बोलावं लागायचं, पप्पा. ऑपरेशन करायचं की नाही, किती त्रास द्यायचा, किती महिने उरलेत, आईला नंतर कोणी न्यायचं. कुठे बोलणार? जिन्यात शेजारी, गॅलरीत शेजारी, फोनवर बोललं तर आई. हेंद्रेपाड्यातल्या आपल्या या घरात लपून बोलायला कोपरा नाही. सगळ्यात सुरक्षित जागा एकच होती. तुमच्या खुर्चीच्या मागे. तुम्ही बहिरे, त्यात कानांवर हेडसेट, समोर ट्रक. प्रशांत पुण्याहून आलेला असला आणि आई बाजारात गेली की आम्ही तिथे उभं राहून बोलायचो. आवाजही फार कमी करायचो नाही.

आणि ट्रक थांबायचा. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. आम्ही बोलायला लागलो की तुमचा ट्रक हळूहळू कडेला जायचा आणि उभा राहायचा. इंडिकेटर लागलेला, उघडझाप करत. समोर रिकामा रस्ता आणि पडद्यावरचा पाऊस काचेवरून ओघळणारा. तुमची पाठ आमच्याकडे. एकदा मी मोठ्याने ओरडून विचारलंसुद्धा, "पप्पा, का थांबलात?" तुम्ही वळला नाहीत. "डिझेल बघतो," म्हणालात. मला वाटलं दमले असतील.

त्याच सुमाराला तुम्ही आईला एटीएम वापरायला शिकवायला लागलात. विजेचं मीटर तिच्या नावावर केलंत. सायकल बेलवलीच्या तुमच्या जुन्या जोडीदाराला देऊन आलात. आम्ही आपसात म्हणायचो, रिटायर माणसाला काहीतरी उद्योग लागतो.

आत्या तिच्या घरी परत गेली आणि दुसऱ्या दुपारी मी कामाला लागले. प्रशांतला फोन केला तर म्हणाला, "ताई, डोकं नको लावू, सरळ रिसेट मार. सगळं पहिल्यासारखं होईल." मी टाचणी घेतली. आई तांदूळ निवडत होती, तिने फक्त मान वर केली आणि म्हणाली, "त्याला भोसकू नको." तिच्या आवाजात असं काही होतं की मी टाचणी खाली ठेवली. मग शिकलेल्या माणसासारखं एकेक करून पाहायचं ठरवलं.

पट्टी काढली, श्वास बंद. पट्टी लावली, श्वास सुरू. डबा बंद केला, श्वास बंद. म्हणजे जे काही होतं ते डब्यातून येत होतं. कोणाशी बोलणं जोडलेलं आहे का पाहिलं, नव्हतं. खालच्या घरातला मुलगाही गेम खेळतो, त्याचं चुकून जोडलं गेलं असेल म्हणून पाहिलं, तसंही नव्हतं. मी श्वास रोखून धरला. आणि पप्पा, मी श्वास रोखला होता तरी आतला श्वास चालूच होता. संथ, जवळ. मग साडीची सळसळ झाली, बांगड्या वाजल्या. मी डोळे उघडले तर आई माझ्या खुर्चीमागे उभी होती, केव्हापासून कोण जाणे.

तेव्हा मी सेटिंग उघडलं. गेमचा आवाज शून्यावर होता. तुमच्या ट्रकला आवाजच नव्हता, पप्पा, किती काळ कोण जाणे. आणि ज्याला साइडटोन म्हणतात, म्हणजे माईकमध्ये शिरलेलं आपल्याच कानात ऐकू येणं, ते तुम्ही पार टोकापर्यंत वर नेलं होतं. माईकची ताकदही टोकाला. आणि दांडी बाहेर.

मी आईला म्हटलं, आत जा आणि ओट्याजवळ उभं राहून हळू काहीतरी बोल, अगदी स्वतःशी बोलतेस तसं. ती गेली. मी भिंतीकडे तोंड करून बसले, जशी तुमची पाठ असायची. आणि ती माझ्या कानात म्हणाली, "डाळ संपत आलीय." कुजबुजली होती ती, नळ चालू होता, मधे पडदा होता. पण ती माझ्या कानात होती. जिन्यात कोणाची तरी चप्पल वाजत होती, तीही कानात होती. त्या एका क्षणात मला तुमच्या खुर्चीमागे उभे असलेले मी आणि प्रशांत ऐकू आले. किती महिने. किती त्रास द्यायचा. आईला कोण नेणार.

मी आत्याला फोन करून सांगितलं की आत कोणी नाही, जो घालतो त्याचाच श्वास ऐकू येतो, यंत्राची करामत आहे. ती म्हणाली, "बरं झालं बाय." तिला उत्तर मिळालं. मला दुसराच प्रश्न पडला होता आणि तो आईला विचारायचा मला धीर होत नव्हता. तिला तर आम्ही अल्सरच सांगितला होता.

शेवटी मी विचारलं, "आई, पप्पांना यातून ऐकू यायचं?"

"मग काय," ती तांदळातला खडा टाकत म्हणाली. "आणला त्याच दिवसापासून. मी आत जळमटांवरून त्यांना शिव्या देत होते, हे इकडे हसायला लागले. इतकी वर्षं मी या माणसाशी ओरडून बोलले. घसा बसायचा. यानंतर कधी ओरडले नाही. मी आत, ते बाहेर, हळू हळू बोलत बसायचो."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही बटणं शोधत होता."

मी म्हटलं, "म्हणजे मी आणि प्रशांत जे बोलायचो..."

"सगळं," आई म्हणाली.

तिने सांगितलं, ते असं. आमचं पहिलं बोलणं झालं त्या दिवशी मी अंबरनाथला निघून गेले, प्रशांत खाली गेला. ती भाजी घेऊन आली तर ट्रक पडद्यावर उभा होता आणि तुम्ही हेडसेट काढून मांडीवर घेऊन बसला होता. तुम्ही तिला शेजारी बसवलंत. म्हणालात, अल्सर नाहीये. आईने त्या दिवशी जेवण केलं नाही. ती म्हणाली, पोरांशी बोलू, त्यांना सांगू की आपल्याला कळलंय. तुम्ही नको म्हणालात.

"का?"

"म्हणाले, त्यांना कळलं तर खचतील. म्हणाले, प्रशांतचं जाऊ दे, वैशू वरून कडक दिसते पण आतून घाबरट आहे. आपल्याला माहीत नाही असंच राहू दे, त्यांना बरं वाटतं."

पप्पा, ते वाक्य माझं आहे. तुमच्या खुर्चीच्या पाठीला धरून मी प्रशांतला म्हटलं होतं, पप्पा वरून कडक दिसतात पण आतून घाबरट आहेत, त्यांना कळू द्यायचं नाही. शब्दाला शब्द. तुम्ही ते उचललंत, त्यातलं तुमचं नाव काढून माझं घातलंत आणि आईपाशी ठेवून गेलात. आणि ते माझ्याकडे आलं ते तुम्हाला पोचवून आल्यावर. माझ्या अंगावर जो काटा आला तो आत्याच्या भुताने आला नव्हता.

म्हणजे मी दर रविवारी यायची, हसत विचारायची, पप्पा, पोट कसंय, अल्सर काय म्हणतो, आणि तुम्ही म्हणायचात, कमी आहे आता. आई मागून म्हणायची, तिखट बंद केल्यापासून बरं आहे. चौघं एका खोलीत बसून चहा प्यायचो आणि चौघांनाही माहीत होतं. कोण कोणासाठी खोटं बोलत होतं हेच मला आता उलगडत नाही. मला तुमचा राग येतो. एकदा तरी खुर्ची वळवायची होती. एकदा म्हणायचं होतं, वैशू, मला ऐकू येतंय. मी रडले असते, पायाशी बसले असते, घाबरट ती घाबरट. पण तुम्हाला विचारता आलं असतं की भीती वाटते का. ते कोणीच विचारलं नाही तुम्हाला. डॉक्टरांनी नाही, आम्ही नाही.

आणि मग राग उतरतो, कारण मला दुसरंही आठवतं. तुम्ही ऐकत होता हे कळल्यापासून मी ते सगळं पुन्हा पुन्हा आठवून तपासते, परीक्षेचा पेपर घरी येऊन तपासावा तसं. बरंच वाईट बोललो आम्ही. पण एका दुपारी तुम्ही आणि मी दोघंच होतो. तुमच्या मानेची हाडं वर आली होती. मी मागे पलंगावर बसून बोलले, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणूनच बोलले, समोर कधी जमलं नसतं. म्हटलं, पप्पा, कॉलेजात पहिल्या दिवशी तुम्ही मला सोडायला आलात आणि गेटच्या आत आला नाहीत, फॅक्टरीचे कपडे होते म्हणून. मी तेव्हा आत या म्हटलं नाही, कारण मला वाटलं तुम्हाला उशीर होतोय. मला तुमची लाज नव्हती वाटली. तुम्हाला तसं वाटलं असेल तर तसं नव्हतं. त्यानंतर मी जे काही झाले ते तुम्ही बाहेर उभे होता म्हणून झाले.

तुम्ही वळला नाहीत. पडद्यावर काय होतं ते मला आठवत नाही, मी रडत होते. फक्त थोड्या वेळाने तुम्ही मान न वळवता पाठीमागे हात केलात, काहीतरी मागत असल्यासारखा. मला वाटलं पाणी हवंय. मी ग्लास आणून हातात दिला. तुम्ही तो घेतलात, प्यायला नाहीत, तसाच धरून बसलात.

आज रविवार आहे. मी हॉलमध्ये बसून हे लिहितेय. तुमच्या खुर्चीवर हेडसेट आहे, आई रोज चार्ज करते, डबा दिवसभर चालू ठेवते, विजेच्या बिलावरून आता कोणी बोलत नाही. प्रशांत रिसेट करतो म्हणत होता, त्याला मी हात लावू दिला नाही. आत ओट्यापाशी आई बोलतेय. माझ्याशी नाही. अगदी हळू, मधे थांबते, मग पुन्हा बोलते. काय म्हणतेय ते मला इथून ऐकू येत नाही, आणि मी ते ऐकायला जाणार नाही.

तुमची,
वैशू